अख्तरबानूंच्या खोलीची साक्ष

माझी जीभ तिखट आहे आणि मला तिचा माज होता, हे आधीच सांगून टाकते. शाळेच्या ऑफिसात मी छत्तीस वर्षं काढली. तारखेत कुणी चुकलं की तिथल्या तिथे त्याची हजेरी घ्यायची. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत मालकसुद्धा 'विजयमालाबाई' म्हणताना जरा जपून म्हणत.

आमच्या समोरच्या खोलीत अख्तरबानू राहायच्या. नवरा मैनुद्दीन पुस्तकांची बांधणी करायचा. तो गेला, पण जुन्या भाड्याची खोली त्यांच्याकडे राहिली. तेवढ्या भाड्यात पुण्यात आता कुणी स्कूटरसुद्धा उभी करू देणार नाही! तीन-चार वर्षांपूर्वी त्या जिन्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. मीच म्हटलं, "अहो, कात्रजला लेकीकडे जा, शाइस्ताकडे. घराचं मी बघते." तीन महिन्यांनी परत यायला निघाल्या, तर "एवढ्यात जिना चढू नका, थांबा अजून," हेही मीच. दर गुरुवारी मी कुलूप काढून खिडक्या उघडायची, केर काढायची, त्यांना फोन करायची.

त्या परत यायच्या महिनाभर आधीच मालकांच्या मुलाने, इंद्रजीतने दावा ठोकला. भाडेकरूने सहा महिन्यांहून जास्त खोली वापरली नाही, तेव्हा ताबा द्या. त्याला इमारत पाडायची होती. पेढे घेऊन माझ्याकडे आला.

"काकू, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. कुलूप कधीपासून कधीपर्यंत होतं, तेवढंच सांगा. तुमच्याइतकं नेमकं कोण सांगणार? आणि नव्या इमारतीत तुमचं मी बघतोच."

मला त्याचा डाव कळला नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. साफ खोटं! पेढा तोंडात असतानाच कळला होता.

कोर्टात मी इंद्रजीतची साक्षीदार; अख्तरबानूंकडून मला प्रश्न विचारायला अपेक्षा नावाची तरुण वकीलबाई उभी होती. कुलूप लागल्याची पहिलीच तारीख तिने चुकीची घेतली. मी म्हटलं, "बाळ, अकरा जून, शनिवार. घरी कॅलेंडर लावत नाही का?" अख्खी खोली हसली. काय बरं वाटलं मला! त्या भरात ठणकावून सांगितलं, "कुलूप आठ महिने चार दिवस होतं." ते कुलूप दर आठवड्याला मीच काढत होते, हे ओठांवर आलं आणि मी गिळलं. वकीलबाई खाली बसली. मला वाटलं, कशी जिरवली.

निकाल लागला. दवाखान्याचे कागद होते, पण हाड तीन महिन्यांत जुळलं, पुढे घर वापरात असल्याचा पुरावा नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा मी होते. आणि मी कुठल्या दिवशी शनिवार होता ते सांगून घरी आले होते.

अख्तरबानू खोली रिकामी करायला आल्या. नातू उजैर सामान खाली नेत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. "अपील करा," मी म्हटलं. "मी सगळं सांगते. गुरुवारचं, फोनचं, सगळं."

"वकील म्हणतात, आता कठीण आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, ताई म्हणणारा. "त्या तुम्हाला विचारणारच होत्या, ताई. मीच त्यांना खाली बसवलं. म्हटलं, विजयमालाताईंना खोदून काय विचारायचं? आपणहून सांगतील त्या."

रागावल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पदर सावरला आणि निघाल्या. कठड्याला धरून, दुखरा पाय आधी टेकवत एकेक पायरी उतरायला लागल्या. मी दोन पावलांवर होते. मला इतकी लाज वाटली की हात द्यायलासुद्धा मी पुढे झाले नाही.