वजा अकरा

माणसाची लायकी ठरवण्याचं काम मर्जीच्या हातातून काढून आमच्या संघानं गणिताकडे सोपवलं, तेव्हापासून इथला अन्याय कायमचा संपला. त्याच वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो.

मी ओहायोतल्या या बेसबॉल संघाच्या प्रवास खात्यात आहे. खेळाडूला काढलं की त्याचं घरी जायचं तिकीट मी काढतो. त्यामुळे त्याच्याआधी मला कळतं, आणि ऑगस्टमध्ये मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं की भलेभले बूट बांधायला खाली वाकतात.

टेरेल गॅडसन वाकला नाही. लांबच्या गवतात जे तिघं उभे असतात, त्यातला तो मधला. वय चौतीस. या वयाच्या क्षेत्ररक्षकाला ऑगस्टमध्ये काढलं, तर पुन्हा कुणी विचारत नाही. तो म्हणाला, "काका, खिडकीची सीट बघा. निदान वरून तरी मैदान नीट दिसेल."

त्याचा आकडा वजा अकरा आला होता. म्हणजे त्याच्या जागी एखादा साधारण खेळाडू असता, तर संघाच्या अकरा धावा वाचल्या असत्या. डावीकडच्या बो रेनेकरचा आकडा अधिक नऊ. बोचा गुडघा दोन वर्षांपूर्वीच गेलाय, हे मैदानावर हॉटडॉग विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण बोचा करार अजून चार वर्षांचा होता आणि तो आमचे व्यवस्थापक हॅव्हरकॅम्प यांनी स्वतः केलेला. त्यामुळे अधिक नऊ पाहून त्यांना फार बरं वाटलं. बरं वाटलेला माणूस कशाला तपासत बसतो?

टेरेलनं शेवटचं एकदा बोलायला वेळ मागितला. खोलीत हॅव्हरकॅम्प होते, आकडे काढणारा प्रेस्टन होता आणि दाराशी तिकिटाचा तपशील घ्यायला मी. प्रेस्टन सत्तावीस वर्षांचा, डॉक्टरेट झालेला. स्वभावानं वाईट नाही. बोलताना टेबलाकडे बघत होता.

टेरेलनं टोपी काढली आणि आतलं कार्ड टेबलावर ठेवलं. कोणता फलंदाज आला की क्षेत्ररक्षकानं कुठं उभं राहायचं, ते या कार्डावर छापलेलं असतं. प्रत्येक सामन्याआधी ते मिळतं. टेरेलच्या कार्डावर हंगामभर एकच गोष्ट होती: डावीकडे सरक. बोचा गुडघा झाकायला.

"डॉक्टर, हे कोण छापतं?"

"आमचाच विभाग," प्रेस्टन म्हणाला. "पण ते काम दुसऱ्या टेबलावरचं."

मग टेरेलनं शांतपणे मांडलं. कार्डाप्रमाणे तो बोच्या अंगणात उभा. सोपा, उंच चेंडू आला की बो 'माझा' म्हणून ओरडतो आणि घेतो, तो त्याच्या खात्यात जमा. अवघड आला की बो गुडघा धरतो आणि टेरेल पळतो. तो झेल हिशेबात सोपा धरला जातो, कारण टेरेल जवळच उभा होता. उजवीकडचं ओसाड पडलेलं गवत मात्र त्याच्या नावावर. तिथं जे पडतं, ते सगळं त्यानं सोडलेलं.

प्रेस्टननं मान हलवली. हे त्याला ठाऊक होतं. एका हंगामाच्या आकड्यावर फारसं विसंबू नये, खात्रीला तीन वर्षं लागतात, असं अहवालाच्या तळाशी त्यानं बारीक अक्षरात लिहिलंही होतं.

"मग थांबा ना तीन वर्षं," टेरेल म्हणाला.

"तोवर तू सदतीसचा होशील," हॅव्हरकॅम्प म्हणाले. "तेव्हा तर काढावंच लागेल."

"आणि मी कार्डावर उभा राहिलो नसतो तर?"

"शिस्तभंग," हॅव्हरकॅम्प म्हणाले. "तेव्हाच काढला असता. मनाला लावून घेऊ नकोस, बेटा. यात कुणाचा रागलोभ नाही. हाच तर आकड्यांचा फायदा."

टेरेल उठला. मग त्यानं प्रेस्टनचा खांदा थोपटला. ते पाहणं सगळ्यात अवघड गेलं. खिडकीची सीट मिळाली नाही, मधली मिळाली. निदान ती जागा त्याच्या सवयीची होती.

त्याला पुन्हा कुठल्याच संघानं घेतलं नाही. ज्यांना आम्ही त्याच्यासाठी फोन केले, त्या सगळ्यांनी आमचाच आकडा आम्हाला वाचून दाखवला. साउथ कॅरोलिनात मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात तो आता उभा असतो.

बोला त्या वर्षी उत्तम क्षेत्ररक्षणाचा चषक मिळाला. चषक घ्यायला तो काठी टेकत आला.

टेरेलच्या जागी बावीस वर्षांचा एक पोरगा आणला, हरणासारखा पळणारा. कार्ड तेच दिलं. दीड महिन्यात त्याचा आकडा वजा सहा झाला.