खिडकीतून आलेला फ्रीज

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. माझ्या दाराला पाठ टेकलीत तरी चालेल, गार लागायचं नाही. थंडी माझ्या अंगातून केव्हाच गेली. आता उरली आहे ती थोडी माया आणि थोडा गंज. एक गोष्ट सांगतो. तिच्यात हसायला पुष्कळ आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे, पण ते शेवटीच सांगेन.

मी एक जुना फ्रीज आहे. अमेरिकेचा. हे मला सांगावं लागत नाही, माझा आकार पाहूनच लोक ओळखतात. आयोवा राज्यातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. शेजारी शेजारी दोन उंच दारं, पोटात ऐसपैस कप्पे, आणि डाव्या दाराच्या तोंडातून बर्फाचे खडे खळाखळा पडायची सोय. कारखान्यात माझे सगळे भाऊ असेच धिप्पाड होते. त्यामुळे आपण मोठे आहोत हे मला फार वर्षं ठाऊकच नव्हतं.

जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या ओथा मेब्री नावाच्या रेल्वे कामगाराने मला विकत घेतलं. मला स्वयंपाकघरात उभं करून तो बायकोला म्हणाला, "अर्लीन, आपल्या घरात हे दार कुणी विचारून उघडायचं नाही." ओथा पुढे अकाली देवाघरी गेला, पण अर्लीनबाईंनी त्याचा शब्द पाळला. आळीतली पोरं मागच्या दाराने यायची, मला उघडायची, हवं ते खायची आणि दार लावायला विसरून पळायची. अर्लीनबाई ओरडायच्या ते दार उघडं टाकल्याबद्दल, खाल्ल्याबद्दल कधीच नाही. आठवड्याचा बाजार मोटारीतून यायचा तो लग्नघरचा वाटावा असा. दूध बादलीएवढ्या बाटल्यांतून, अंडी पाच-पाच डझन, आणि डुकराची अख्खी खारवलेली तंगडी.

माझी खरी चैन रविवारी सकाळी असे. माझ्या डोक्यावर एक रेडिओ होता आणि त्यावर गावच्या रेव्हरंड टॉलिव्हरांचं प्रवचन लागे. ते सुरुवात करत साध्या बोलण्यात. मग वाक्याचं टोक लांबायचं, आवाज वर चढायचा, मागची मंडळी "हो बाबा, सांगा, सांगा" म्हणत साथ द्यायची, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळायचं नाही. मीही खालून माझ्या घुमणाऱ्या आवाजात सूर धरून उभा. टाळ-मृदंग तिथे नव्हते, पण साथीला एक फ्रीज होता, हे मी अजून अभिमानाने सांगतो. एकदा ते गाता गाता म्हणाले, "तुमच्या कपाटात काय आहे ते देव विचारत नाही, बायांनो. ते कुणाकुणासाठी उघडलं, तेवढंच तो विचारतो." त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

असे दिवस चालले होते. मग अर्लीनबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले.

रुग्णवाहिका आली. दहा मिनिटांचा रस्ता, पण तिच्या भाड्यात माणूस विमानाने युरोपला जाऊन परत आला असता. पुढे रुग्णालयाचं बिल आलं. ते वाचून बाईंना पुन्हा रुग्णालयात न्यावं लागतं की काय, अशी शेजाऱ्यांना भीती वाटली. सरकारी आधार मिळायचं वय अजून बरंच लांब होतं, आणि विमा कंपनीने नेमके ह्याच खड्यांपाशी हात वर केले. शेवटी घर विकावं लागलं. बाईंची एकुलती एक लेक व्हर्ना नेदरलँड्समध्ये लायडन गावी राहत होती. तिकडच्याच योस्त नावाच्या शिक्षकाशी तिने लग्न केलं होतं. ती म्हणाली, "मॉमा, आता इथेच ये. इथे आजारी पडलीस तर फक्त आजारीच पडशील."

बाईंनी सगळं विकलं, फक्त मला विकलं नाही. माझ्या जहाजभाड्यात तिकडे तीन नवे फ्रीज आले असते, असं योस्तने फोनवर हिशेब करून सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग त्या तिघांच्या दारात ओथाने मला काही सांगितलेलं असेल का, तेवढं विचार."

लायडनला पोचलो आणि मित्रांनो, आपण केवढे आहोत ते मला पहिल्यांदा कळलं. कालव्याकाठची ती उंच, अरुंद घरं, आणि आतले जिने शिडीसारखे उभे. मी पुढच्या दारातच अडकलो. पण तिथे घराच्या माथ्यावर पुढे आलेल्या तुळईला लोखंडी हूक असतो. त्यात दोर ओवून सामान वरच्या खिडकीतून आत घेतात. खिडकीची चौकट काढली, मला दोर बांधले आणि चार माणसांनी मला आकाशात चढवलं. खाली गल्ली जमली, सायकली थांबल्या. कालव्यात माझं प्रतिबिंब पडलं आणि बदकं दुसऱ्या काठाला गेली. समोरच्या घरातल्या हिल्त्येबाई, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या, कंबरेवर हात ठेवून वर बघत होत्या. त्यांनी योस्तला शांतपणे विचारलं, "हा फ्रीज आहे, की पाहुण्यांची खोली?"

घरात आलो तर तिथल्या विजेचा दाबही वेगळा आणि ठेकाही वेगळा, सेकंदाला साठाऐवजी पन्नासाचा. दाब उतरवायला एक जड ठोकळा माझ्यासोबत जोडला, पण ठेक्याला काही इलाज नव्हता. माझी मोटर संथ चालू लागली, अंग तापू लागलं आणि आवाज चांगला दोन सूर खाली आला. अर्लीनबाईंनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे देवा, ह्याला पण घरची आठवण येते वाटतं."

मग रोज जेवणाच्या टेबलावर सासू-जावयाचा सामना सुरू झाला. योस्त पहिल्या दिवशी त्यांना नुसतं "अर्लीन" म्हणाला. बाईंनी काटा खाली ठेवून सांगितलं, की त्यांच्या गावात मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणारा माणूस उपाशी झोपतो. तेव्हापासून तो बिचारा "मिस अर्लीन" म्हणू लागला. तो म्हणे, तुमच्याकडे मुलाला कॉलेजात घालायचं तर घराएवढा पैसा लागतो. बाई म्हणत, आणि तुमच्याकडे घराला एवढा पैसा देऊन संडास मिळतो तो असा, की आत जाताना ठरवून जावं लागतं कुठल्या बाजूने बाहेर यायचं. तो म्हणे, आमच्याकडे मोटार लागत नाही. त्या म्हणत, हो, पावसात सायकलवरून भिजत जाणं फुकट आहे खरं. खाणावळीत पाण्याला पैसे, बटाट्यावर घ्यायच्या चटणीला पैसे, स्टेशनवर संडासाला पैसे, हे बघून त्या थक्क झाल्या. पण डॉक्टरांनी तपासून जवळजवळ काहीच घेतलं नाही, तेव्हा त्या त्याहून जास्त थक्क झाल्या. फक्त डॉक्टरांनी औषधही दिलं नाही. घरी जा, विश्रांती घ्या आणि डोकेदुखीची साधी गोळी घ्या, एवढंच सांगितलं. बाई म्हणाल्या, "आता कळलं इथे डॉक्टर स्वस्त का ते."

माझ्या पोटात मात्र अंधार होता. योस्त रोज सायकलवरून लागेल तेवढंच आणायचा. एक काकडी, चीजचा तुकडा, दुधाची लहानशी पिशवी. एवढ्या मोठ्या सभागृहात ती काकडी एकट्या श्रोत्यासारखी पडून असायची. वर योस्तने माझ्या वायरीला एक छोटं मीटर लावलं आणि महिन्याअखेर जाहीर केलं, की घरातली बाकी सगळी यंत्रं मिळून जेवढी वीज खातात तेवढी मी एकटा खातो. बाईंनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "तो ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मीही जाईन."

व्हर्नाचा चेहरा उतरला. कारण मॉमा परत गेली तर पुढच्या दुखण्याला विकायला घर उरलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. माझ्यावरचा वाद तिथेच थांबला. पण बाई रमेनात. त्यांचं दुखणं विजेचं नव्हतं, दाराचं होतं. आल्या आल्या त्या पीचचा गरम गोड पदार्थ घेऊन हिल्त्येबाईंच्या दारात गेल्या होत्या. हिल्त्येबाईंनी आभार मानले, आत जाऊन डायरी आणली आणि विचारलं, "पुढच्या महिन्याची बारा तारीख चालेल?" बारा तारखेला कॉफी मिळाली. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक घेतलं आणि डब्याचं झाकण टक्‌कन लागलं. घरी येऊन अर्लीनबाई व्हर्नाला म्हणाल्या, "आपल्याकडे आजारपण महाग आणि बिस्कीट फुकट. इथे आजारपण फुकट, पण बिस्कीट मोजून. माणसाने राहायचं कुठे?"

उन्हाळ्यात त्यांचा साठावा वाढदिवस आला. बाईंनी सगळ्या गल्लीला बोलावलं, संध्याकाळी आठला. दोन दिवस चूल विझली नाही. तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, मंद आचेवर शिजवलेली पालेभाजी, चीज घातलेली मॅकरोनी. माझं पोट गच्च भरलं आणि मी उतरलेल्या सुरात का होईना, गाऊ लागलो.

बरोबर आठला सगळे आले, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. येऊन त्यांनी बाईंचं अभिनंदन केलं, मग व्हर्नाचं, मग योस्तचं, मग एकमेकांचं; तिकडे वाढदिवसाला असंच करतात. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. आणि सगळे जेवून आले होते.

त्या लोकांत संध्याकाळचं जेवण सहाला होतं, आणि आठला बोलावणं म्हणजे कॉफी आणि केकचा एक तुकडा. हे त्या देशातल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आठ वाजता कुणी जेवून येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मॉमाने बोलावताना जेवणाचं सांगितलंच असेल, असं व्हर्ना धरून चालली होती. आता ती पाहुण्यांच्या मागून डोळे मोठे करून 'जेवून आलेत' अशा खुणा मॉमाला करत होती. हिल्त्येबाईंनी भिडेखातर कोंबडीचं एक तंगडं घेतलं, ते रुमालात धरलं आणि फार छान आहे म्हणाल्या. साडेदहाला गल्ली घरी गेली. बाईंनी ते सगळं अन्न पुन्हा माझ्या पोटात रचलं, दार लावलं आणि माझ्याकडे तोंड करूनच बोलल्या, "व्हर्ना, माझं तिकीट काढ. मी रागाने सांगत नाही, बाळ. पण ज्या गावात माझं कुणी खात नाही, त्या गावात मी म्हातारी कशी होऊ?"

दुसऱ्या दिवशी उन्हाचा कहर झाला. ठासून भरलेलं पोट, परका ठेका आणि तो उकाडा. सकाळी न्याहारीच्या वेळी माझ्या छातीत काहीतरी टक्‌ झालं आणि मी बंद पडलो. मित्रांनो, मरण असं येतं तर. गाणं चालू असताना मधेच साथ थांबते आणि सगळे मागे वळून बघतात.

अर्लीनबाईंनी दोन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. कुणाला उपाशी पाठवलं नव्हतं आणि अन्न वाया घालवलं नव्हतं. त्यांनी झग्यावर ओचा खोचावा तसा एप्रन आवळला आणि दोन्ही हातांत भांडी घेतली. योस्त म्हणाला, "मिस अर्लीन, आधी फोन करून विचारलेलं बरं." त्या म्हणाल्या, "कोंबडी फोनची वाट बघत नाही."

त्यांनी समोरचं दार कोपराने वाजवलं. हिल्त्येबाई केस विंचरता विंचरता दारात आल्या, आणि बाईंनी इतके महिने ज्या गल्लीत कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तिथे पहिल्यांदा मागितलं. "माझा फ्रीज मेला. तुमच्याकडे थोडी जागा आहे का?"

हिल्त्येबाईंनी डायरी आणली नाही. आपला फ्रीज उघडला. तो ओट्याखालचा, माझ्या घराण्यातलं रांगतं बाळच म्हणा. त्यांनी दूध बाहेर काढून कोंबडी आत ठेवली. मग स्वतःच शेजारचं दार वाजवून सांगितलं. दुपारपर्यंत मॅकरोनी एका घरात, भाजी दुसऱ्या घरात, भाकरी तिसऱ्या घरात. मी वरच्या खिडकीतून रिकाम्या पोटाने बघत होतो. माझ्या पोटात मावत होतं ते सगळं त्या गल्लीत मावलं. योस्तही भांडी घेऊन धावत होता.

संध्याकाळी प्रश्न आला, की सगळं परत आणायचं कुठे. हिल्त्येबाई म्हणाल्या, जिथे आहे तिथून खाली आणू. कालव्याकाठी टेबलं लागली. सहा वाजले होते, मित्रांनो. त्यांची जेवायची वेळ. त्या लोकांनी काय जेवण केलं म्हणता! कोंबडीची हाडंसुद्धा चकचकीत झाली.

ताटं उचलता उचलता हिल्त्येबाईंनी पाकीट काढलं. तिथली ती रीतच आहे, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. म्हणाल्या, "मिसेस मेब्री, आमच्या वाट्याचे किती झाले ते सांगा."

व्हर्नाने डोळे मिटून घेतले. योस्त पुढे झाला, पण अर्लीनबाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि हिल्त्येबाईंना म्हणाल्या, "पाकीट ठेवा आत. तुम्हाला द्यायचंच असेल तर उद्या माझ्या घरी या. न बोलावता, न विचारता, अशाच. तेवढीच किंमत आहे."

हिल्त्येबाईंनी फार गंभीरपणे विचार केला. मग म्हणाल्या, "येते की. किती वाजता?"

अर्लीनबाई हसत सुटल्या. खुर्ची धरून, डोळे पुसत, मेकनमध्ये हसायच्या तशा. त्या देशात आल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. हिल्त्येबाईंना आपण काय विनोद केला ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण त्याही हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर बाई लेकीला म्हणाल्या, "ते तिकीट राहू दे, बाळ. ह्या बाईला शिकवायला मला निदान वीस वर्षं लागतील."

तेरा वर्षं मिळाली. हिल्त्येबाई शेवटपर्यंत वेळ विचारूनच यायच्या, पण रोज विचारायच्या.

माझं म्हणाल तर मला खाली उतरवायचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या लहान फ्रीजपेक्षा जास्त. योस्तने तिन्ही आकडे समोर मांडले, नाक खाजवलं आणि मला होतो तिथेच ठेवलं. आता माझ्या पोटात छत्र्या आहेत, गोधड्या आहेत आणि व्हर्नाच्या मुलीची खेळणी आहेत. वस्तू जुनी झाली, बंद पडली, म्हणून लगेच तिला बाहेर काढू नका, मित्रांनो. ती कुणासाठी उघडत होती, ते आधी आठवून बघा.

अर्लीनबाई आता लायडनच्याच मातीत, कालव्यापलीकडच्या दफनभूमीत आहेत. माझं मागणं एवढंच आहे. कधी शेजारच्या घरातली वीज गेलेली दिसली, तर त्यांनी हाक मारायची वाट बघू नका. उठा, रिकामं का होईना एक भांडं हातात घ्या आणि त्यांचं दार वाजवा. दार उघडेपर्यंत जो क्षणभर वेळ जातो ना, तेवढ्यात मेकनच्या अर्लीन मेब्रीची आठवण काढा.