टोलेकाकांची ईस्टरची घंटा

टोलेकाकांचे कान छापखान्याच्या मशीननं खाल्ले, हे एकट्या काकूंना ठाऊक होतं. बायकोपासून काय लपतं? बाकी जगासमोर काका बेमालूम निभावून न्यायचे. लोक हसले की हसायचे, नाहीतर च्च च्च करायचे. एकदा एका मुलीचं लग्न ठरल्याच्या बातमीवर त्यांनी इतकं मनापासून च्च च्च केलं, की मुलीचा बाप आठवडाभर जावयाची चौकशी करत हिंडला.

पण ईस्टरला च्च च्च करून भागणार नव्हतं. पवित्र गुरुवारच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर, चर्चची घंटा मुकी होते. ती पुन्हा वाजते शनिवारी संध्याकाळी, ईस्टरच्या मिस्सात, गौरवगीत सुरू झालं की. तेही पहिल्याच शब्दाला. तिची दोरी ओढायचा मान वर्षानुवर्षं काकांचा. टोलेकाका हे नावही त्यावरूनच पडलेलं. गेल्या ईस्टरला मात्र त्यांनी टोला दिला तेव्हा गाणं अर्धं संपलं होतं. नवे फादर तेव्हा काही बोलले नाहीत. यंदा अगदी कानाशी येऊन म्हणाले, "काका, बटणवाली घंटा बसवायची म्हणतोय. तुम्हालाही आराम. या वेळी बघू कसं होतंय ते."

आराम! काका तणतणत घरी आले. "बटण काय, कुणीही दाबेल! शेजारची मांजरसुद्धा दाबेल!"

"ओरडू नका, मला ऐकू येतं," काकू म्हणाल्या. मग त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत बोलू लागल्या. "मी मधल्या वाटेच्या कडेला बसते. गौरवगीत सुरू झालं की रुमाल नाकाला लावते. माझं कोपर वर गेलेलं दिसलं की ओढा."

"आणि तोवर?"

"तोवर मी हलतेय कशाला!"

"भारी कारस्थानी आहेस हं तू," काका म्हणाले आणि खूश होऊन जेवायला बसले.

शनिवारी अंधार पडला तसं चर्च गच्च भरलं. पोरांनी घरातल्या छोट्या घंटा खिशात दाबून आणल्या होत्या. मोठी वाजली की यांनीही वाजवायच्या, अशी खास परवानगी होती. अंगणात नवा अग्नी पेटला, मोठी मेणबत्ती आत आली, दिवे लागले. फादरांनी धूप तर असा सढळ हातानं घातला, की पुढच्या रांगा दिसेनाशा झाल्या. टोलेकाका मागच्या दाराशी दोरी धरून उभे. घंटा तळपायांना कळते म्हणून बूट काढलेले, बाह्या सरसावलेल्या, नजर काकूंच्या उजव्या कोपरावर.

शाळेतल्या बाई बायबलमधली अब्राहामाची गोष्ट वाचत होत्या. बळी द्यायला पोराला बांधलंय, बापानं सुरी उचललीय, सगळं चर्च श्वास रोखून बसलंय. आणि काकूंच्या नाकात धूप गेला.

कोपर वर गेलं. काकांनी दोरी ओढली.

ढण् ढण् ढण्! पोरं तर याचीच वाट बघत होती, खिशातल्या घंटा बाहेर निघाल्या. ऑर्गनवर बसलेले दातांचे डॉक्टर डुलकीतून दचकून उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गौरवगीत वाजवायला घेतलं. बाई अब्राहामाची सुरी हवेतच ठेवून गप्प झाल्या. फादर घसा फोडून थांबा थांबा म्हणत होते, पण घंटेपुढे त्यांचं काय चालणार!

काकूंनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा बघितला आणि काकांच्या हातून दोरी सुटली.

घंटा थांबली तशा काकू उभ्या राहिल्या. भर मिस्सात. "फादर, चूक माझी आहे. यांना ऐकू येत नाही. मी रुमाल नाकाला लावला की हे ओढतात. मला शिंक आली हो!"

हे आपल्याला ऐकू आलं. काकांना दिसले ते फक्त गदगदा हलणारे खांदे. अख्खं चर्च हसत होतं. मग फादर काहीतरी बोलले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी काय तो अर्थ लावला: बटण.

वाचन पुढे सुरू झालं, अब्राहामाचं पोर वाचलं. काका भिंतीला टेकून उभे होते. सरळ निघून जावं असं वाटत होतं, पण बूट शेवटच्या बाकाखाली गेलेले. दोरी समोर लोंबत होती. ही गेली तर या गर्दीत आपण कोण? ऐकू न येणारा एक म्हातारा, बस. त्यांना रडू आवरेना.

वाचनं संपली. लोक उभे राहिले आणि उभे राहून सगळेच्या सगळे मागे वळले.

फादरांनी मघाशी तेच सांगितलं होतं: काकूंनी एकटीनं कशाला, या वेळी खूण आपण सगळे मिळून करू. गौरवगीत सुरू झालं आणि ऑर्गनवरचे दातांचे डॉक्टर सोडले तर झाडून सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. इतकी वर्षं काकांनी या माणसांच्या पाठीच पाहिल्या होत्या. कुणाचं टक्कल, कुणाची वेणी, एवढीच ओळख. आज त्यांच्यासमोर चेहरे होते, मोठ्ठं तोंड उघडून गाणारे, त्यांच्याकडेच बघणारे. वेदीवरून फादर ओठ नीट हलवत सांगत होते, "ओढा, काका, ओढा!"

काकांनी ओढली. दणका तळपायांतून थेट छातीत चढला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. गौरवगीताची कडव्यांमागून कडवी गेली, शेवटचा शब्द झाला, ऑर्गन थांबला. फादरांनी पुरे म्हणून हात हलवला. मग लोकांनीही हलवले.

पण थांबायची खूण काय, हे ठरवायचं सगळेच विसरले होते. इतके हात आपल्याकडे बघून हलताहेत म्हटल्यावर टोलेकाकांना आणखीच चेव आला, आणि त्यांनी दोरी अशी काही ओढली की घंटेबरोबर तेही जमिनीवरून वर उचलले गेले.