मंगळ्या, धर!

लाडकीच्या जिभेला हाड नव्हतं आणि हातात कायम तुरीची काडी असायची. रोज सकाळी दव सुकलं की ती परसातल्या टोमॅटोंमध्ये शिरायची आणि एकेका झाडाला झोडायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या अंगात आलंय. काडी खरं तर फुलांच्या देठालाच लागायची, टक् टक् टक्. शिव्या मात्र खऱ्या असायच्या.

ही विद्या ती नाशिककडच्या मळ्यांत शिकली होती. नवरा गेल्यावर चार हिवाळे ती तिकडं मजुरीला गेली. तिथली मुकादमीण सांगायची, टोमॅटोच्या फुलाच्या पोटात पीठ असतं. वाऱ्यानं फूल हललं की ते पीठ पडतं आणि फळ धरतं. वारा नसला तर फूल तसंच वाळून गळतं. लाडकीचा पाडा जामसरच्या पलीकडं, डोंगराच्या खळग्यात. फाल्गुनात तिथं पान हलत नाही. म्हणून काडी.

पण नुसतं मारून तिचं मन भरेना, म्हणून तिनं झाडांना नावं दिली. ज्यांनी ज्यांनी तिला छळलं त्यांची. एक पोश्या, एक नवशी, आणि कुंपणाच्या कुडालगतचं सगळ्यात दांडगं झाड मंगळ्या. खरा मंगळू तिच्या दिराचा मुलगा, शेजारीच राहणारा. काका मेल्याच्या वर्षी त्यानं कारवीचा कूड सरकवून काकीचं निम्मं परस आपल्यात घेतलं होतं. त्या बळकावलेल्या तुकड्यात त्याच्या बायकोनं, जयवंतीनं, टोमॅटो लावले होते. फुलं भरघोस, फळ एक नाही. रोज झाडांखाली पिवळा सडा पडायचा. लाडकी कुडाच्या फटीतून तो बघायची आणि तिला मनापासून बरं वाटायचं. काडीची गोष्ट तिनं शेजारणीला सांगितली नाही. खोटं कशाला बोला, ती काही संत नव्हती.

त्या सकाळी ती मंगळ्याला बडवत होती. "मंगळ्या, धर! धर म्हणते ना! नाय धरलंस तर मुळापासून उपटीन तुला!"

कुडापलीकडं जयवंती उभी होती. घरात मंगळू तीन दिवस थंडीतापानं कुडकुडत पडलेला. तिनं ऐकलं ते असं: मंगळ्याला धर! म्हणजे काकी कोणाला तरी सांगतेय, माझ्या नवऱ्याला धर. आता फळही धरतं आणि भूतही धरतं. शब्द एकच, त्याला लाडकी तरी काय करणार?

उन्हं डोक्यावर यायच्या आत सात-आठ बापे लाडकीच्या दारात आले. पुढं मंगळूचा धाकटा भाऊ पोश्या, हातात बैल हाकायची काठी. त्यानं काकीला झिंज्यांना धरून अंगणात ओढलं.

"भुताळी! कोणाला पाठवलंस माझ्या भावावर? सांग!"

"कोणाला नाय रं! झाडाला बोलत होते. त्या झाडाचं नाव मंगळ्या हाय!"

खरं बोलली आणि तिथंच फसली. झाडाला माणसाचं नाव देऊन ते झोडणारी बाई भुताळी नाही, तर कोण भुताळी? पहिली काठी पाठीत बसली, दुसरी मांडीवर. तिसरी तिनं हात आडवा घालून झेलली, आणि कोपराचं हाड मोडल्याचा आवाज तिला दुखण्याच्या आधी ऐकू आला. तशीच उसळून तिनं पोश्याचं मनगट दातांत धरलं. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडेना. चौघांनी मिळून तिला लाथा घातल्या तेव्हा कुठं तिचा जबडा सुटला. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. तिला भीती वाटत होती, पण भीतीहून राग मोठा होता.

"मारा!" ती ओरडली. "पण आधी जयवंतीची झाडं मना दाखवा. काडीनं फळ धरतं, भूत नाय. आठ दिवसांत फळ धरवून दाखवते. नाय धरलं तर खुशाल मारून टाका!"

पाड्याचा म्हातारा भगत तिथं आला होता. त्यानं मान हलवली. "आठ दिवस," तो म्हणाला.

ते आठ दिवस लाडकी शेळ्यांच्या गोठ्यात बांधलेली. कोपर सुजून भोपळ्याएवढं झालं. रोज सकाळी तिला जयवंतीच्या परसात उभी करायचे आणि ती डाव्या हातानं काडी मारायची, देठाला, हलकेच. मागं पोश्या कोयता घेऊन. सगळा पाडा कुडाशी दाटलेला. या वेळी तिनं शिवी दिली नाही. मनात मात्र प्रत्येक झाडाला एकच सांगत होती, धर रं बाबा, माझा जीव तुझ्या देठाशी आलाय.

आठव्या सकाळी जयवंतीनंच आधी पाहिलं. सुकल्या फुलांच्या मागं वाटाण्याएवढे हिरवे मणी. एका घोसात, मग दुसऱ्यात, मग सगळीकडं.

"धरलं!" लाडकी फुटक्या ओठांनी हसली. "बघा, डोळे फाडून बघा! धरलं!"

लोक बघत होते, पण तिच्या मागं. घराच्या दारातून मंगळू स्वतःच्या पायांनी चालत येत होता. नर्सबाईच्या गोळ्यांनी ताप उतरून दोन दिवस झाले होते. भगतानं एकदा फळांकडं पाहिलं, एकदा मंगळूकडं.

"सुटलं," तो म्हणाला. "फळ सुटलं, माणूस सुटला. हिनंच धरलेलं, म्हणून हिलाच सोडता आलं."

लाडकीनं डाव्या हातातली काडी उंच धरून दाखवली. पहिला दगड खऱ्या नवशीनं मारला, तो कानशिलाला लागला. मग दगडांना सुमार राहिला नाही. काही जण तिच्या झोपडीवर चढले आणि वासे खाली ओढले. काहींनी तिचे टोमॅटो फळांसकट तुडवले. मंगळ्या नावाचं झाड उपटून चुलीच्या विस्तवावर टाकलं. पोश्यानं कोयता वर उचलला तेव्हा मंगळूच आडवा आला.

"जाऊ दे. तिनं मना सोडलं, आपण तिला सोडू. पण आता पाड्यावर दिसायची नाय."

सूर्यमाळला लाडकीची बहीण होती. अंगावरच्या लुगड्यानिशी ती निघाली. परसाच्या मागच्या वळणावर कुडाआड जयवंती एकटी उभी होती. हातात तुरीची काडी.

"काकी," ती इकडंतिकडं बघत पुटपुटली, "मना ठावं हाय. तू काय नाय केलंस."

लाडकी थांबली. वेडी आशा वाटली तिला, की ही आता मागं वळेल आणि हेच चार माणसांत ओरडून सांगेल.

जयवंतीनं काडी पुढं केली. "वरची फुलं अजून राहिलीत. कशी मारायची, तेवढं सांग ना."

लाडकीनं चांगल्या हातानं तिच्या थोबाडीत अशी मारली, की जयवंती कुडावर जाऊन आदळली.

"याहून पुष्कळ हलकी," लाडकी म्हणाली. "अन् मारताना तोंड उघडू नको."

मग मोडका हात पोटाशी धरून ती सूर्यमाळच्या वाटेला लागली.