डावीकडचा करडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मोटारीत बसल्यावर छातीवरून बांधतात तो. हल्लीचे पट्टे ओढले की येतात, सोडले की सुरकन परत जातात. आमच्या वेळी असले लाड नव्हते. मला हाताने सैल करावं लागे, हाताने आवळावं लागे आणि उतरताना आठवणीने खुंटीला अडकवावं लागे.

माझा जन्म १९६७ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. करड्या नायलॉनची घट्ट वीण, जड बक्कल आणि खालच्या टोकाला जन्मसाल छापलेलं पांढरं कापडी लेबल, असा माझा थाट होता. एका निळ्या मोटारीत मला डाव्या आसनाला जोडलं आणि माझ्या जुळ्या भावाला उजव्या. ती मोटार फिरत फिरत बंगळुरात आली आणि बनशंकरीच्या हणमंतरावांनी ती विकत घेतली. त्यांचं घराणं मराठी, पण इथं येऊन साडेतीनशे वर्षं झालेली. त्यामुळे घरच्या मराठीत कानडी शब्द मिठासारखे विरघळलेले.

हणमंतरावांना मोटारीचा भारी अभिमान आणि आम्हा पट्ट्यांचा तितकाच तिटकारा. "मोटार चालवायची की खांबाला बांधून घ्यायचं?" असं म्हणायचे. एकदा टपावरची ट्रंक बांधायला दोरी मिळेना, तर या गृहस्थांनी माझ्या भावाला सरळ कापून काढलं. पुढे एका मिस्त्रीने त्याच्या जागी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा काळा पट्टा लावला. तोही बिचारा नुसता लोंबकळत राहिला.

माझं नशीब मात्र चांगलं. माझ्या बाजूला त्यांच्या पत्नी सकवारबाई बसायच्या. नंदीच्या डोंगरावरच्या घाटाची त्यांना धास्ती. बसल्याबरोबर खट् करून मला लावायच्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "अहो, पट्टा."

"मी चालवतोय. मला कशाला?"

तीस वर्षं हेच चाललं. मोटार निघताना नेहमी एकच खट् व्हायचा, तो माझा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या गावात झाडून सगळी वाहनं धुतात, हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. सकवारबाई स्टिअरिंगला हळदकुंकू लावायच्या आणि मग वाकून मलाही. माझ्या अंगावर पांढरी जागा एकच, ते लेबल. दरवर्षी तिथंच एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं. होता होता माझं जन्मसालच बुजलं. मला त्याचं काही वाटलं नाही. एवढा मान कुठल्या पट्ट्याला मिळतो, सांगा बघू?

मग त्या गेल्या. बारा वर्षं मोटार ताडपत्रीखाली उभी राहिली. ताडपत्रीला डावीकडे एक भोक होतं. त्यातून रोज दुपारी ऊन नेमकं माझ्यावर यायचं, आणि ऊन हा आमचा वैरी. वरून मी धडधाकट दिसत होतो, पण आत धाग्यांचं पीठ होत चाललं होतं. मला ते कळत होतं, सांगणार कुणाला?

यंदा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हणमंतरावांनी मनावर घेतलं. नातीला, रक्षिताला म्हणाले, "मोटार पूर्वीसारखी करतो. आयुधपूजेला तू तुझ्या अज्जीच्या जागेवर बसायचं."

मोटार बंगळुरातल्याच शिवाजीनगरात वासुदेवच्या दुकानी गेली. हा मूळचा निपाणीचा, जुन्या मोटारींची आसनं शिवण्यात वाकबगार. मला हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, उजवीकडं काळा, डावीकडं करडा, मेळच नाही. याच्यावर लेबल बी दिसत नाही. दोन्हीकडं काळे लावू, जोडी जुळंल."

"सरी, तसंच कर," हणमंतराव म्हणाले, आणि मी भंगाराच्या ढिगावर पडलो.

रक्षिताने मला उचललं. ती बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पट्टे तपासायचं काम करते. साबणाचं पाणी घेऊन तिने मला चोळलं, तर पाणी लालभडक.

वासुदेव हसला. "बघा. रंग सुटतोय. मागनं रंगवलेला माल आहे हा."

"रंग नाही, वासुदेवअण्णा, हळद आहे. साबण लागला की लाल होते." तिने दातांच्या ब्रशने हलकेच घासलं. पुटाखाली सूर्य पोचलाच नव्हता. १९६७ हे आकडे स्वच्छ दिसले.

हणमंतराव जवळ आले. लेबलाच्या कडेला अजून थोडा लालसर डाग होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही तिची बोटं. हाच पट्टा लागेल, दुसरा नाही."

"पट्टा मूळचाच आहे, अज्जा. पण माणूस पेलेल का, ते मशीनवर ओढून बघावं लागेल."

"ओढ की."

"ओढायचं म्हणजे तुटेपर्यंत."

"मग नको," म्हातारा अडून बसला. "तिच्या हातचं कुंकू आहे त्यावर. चांगला दणकट आहे. बस तू, मीच बांधतो."

मला डाव्या आसनाला पुन्हा अडकवलं. मान मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. रक्षिता बसली. खट्. हणमंतरावांनी मला तिच्या छातीवर आवळलं, आणि तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर करडी भुकटी सांडली. त्यांनी ती हाताने झटकली. पुन्हा आवळलं, पुन्हा सांडली.

बोटांना लागलेली भुकटी त्यांनी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनीच बक्कल उघडलं.

"काप," ते म्हणाले. "आणि ओढ."

लेबलाचं टोक राखून माझा वरचा तुकडा रक्षिताने कारखान्यातल्या मशीनवर नेला. नवा पट्टा जेवढं सोसतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यालाच तो तुटला. तिने अज्जांना तसं सांगितलं, तेव्हा ते "बरं झालं" एवढंच म्हणाले.

पट्टे बनवणाऱ्या कारखान्यातून तसल्याच करड्या विणीचे दोन नवे पट्टे आले. माझं बक्कल तपासून डावीकडच्या पट्ट्याला बसवलं. जुनं लेबलही त्यावरच शिवावं, म्हणजे प्रदर्शनात भाव मिळेल, असं वासुदेवचं म्हणणं. रक्षिता म्हणाली, "नव्याला नवंच साल असू दे, अण्णा. खोटं वय कशाला?" उरलेला मी लेबलासकट गुंडाळून समोरच्या खणात बसलो आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, आमचे डाग घाईने धुऊ नका. पण आमच्यावर माया आहे म्हणून आपला जीव आमच्या हवाली करू नका. मला खणात ठेवलं, हे त्यांनी माझं भलंच केलं.

आयुधपूजेच्या सकाळी लिंबं ठेवून झाली. रक्षिताने स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, मग खण उघडून मलाही लावलं. ती डावीकडे बसली. खट्. माझंच बक्कल ते, आवाज मी लगेच ओळखला. मग ती उजवीकडे बघून म्हणाली, "अज्जा, पट्टा."

मी वाट बघत होतो. मी चालवतोय, मला कशाला, हे आता येणारच. ते आलं नाही. थोडी खुडबुड झाली. हाताला सवय नव्हती ना.

मग दुसरा खट् ऐकू आला, आणि मोटार निघाली.