धुरपताबाईचं तोंड

"उठा," धुरपता म्हणाली.

मारोतीला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाला तरी म्हणते आहे. करंजवडी ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत टेबलाभोवती सगळे मेंबर बसले होते. ग्रामसेवकानं झेंडूचा हार आणून ठेवला होता आणि मधल्या खुर्चीत मारोती सोनकांबळे बसला होता. बसला म्हणजे, गावचे पुढारी अमरनाथअप्पा यांनीच त्याला दंडाला धरून बसवलं होतं. जागा राखीव होती, म्हणून सरपंच त्याची बायको झाली होती. पण सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, ही आजूबाजूच्या साऱ्या गावांची रीत. मारोती शांत, अप्पांच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस, म्हणून तर अप्पांनी एवढ्या बायकांतून धुरपताचं नाव पुढं केलं होतं.

"धम्माचे बाबा, तुम्हालाच म्हणून राहिले. उठा."

"अगं, बस की तिकडं बाकावर. अप्पाच म्हनले..."

"कंधारच्या डेपोत येऊन मी तुमच्या स्टेरिंगवर बसते का कधी? मग?"

कोपऱ्यातला एक मेंबर फिसकन हसला. मारोती उठला. कानशिलं तापली होती, पायात चप्पल नीट शिरत नव्हती. दारातून बाहेर पडताना त्याला एवढंच दिसलं की, धुरपतानं खुर्ची पदरानं पुसली नाही की तिला नमस्कार केला नाही. ओढली आणि बसली.

त्यानंतर बरेच दिवस मारोती घरात तोंड शिवून होता. एसटीच्या कंधार-जळकोट गाडीवर ड्यूटी करायची, यायचं, जेवायचं, भिंतीकडं तोंड करून झोपायचं. धुरपता ताटात गरम भाकरी वाढायची, भाकरीवर तेल-चटणी घालायची, पण चुकलं म्हणायची नाही. शेवटी तोच म्हणाला, "लोकं हसले माझ्यावर."

"हसू द्या. एक दिवस हसतील. तुम्ही तिथं बसून राहिले असते तर माझ्यावर जन्मभर हसले असते."

मारोतीनं त्यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यानं मोटारसायकल काढली, तिला पंचायतीपर्यंत सोडलं आणि बाहेरच्या बाहेर परतला.

धुरपताची शाळा सातवीला सुटली होती. लग्नानंतर रोजगार हमीच्या कामावर तिनं खडी फोडली होती. तिथंच, बाळंतीण बायकांना सावलीत बसू देत नाही म्हणून मुकादमाला तिनं सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं होतं की, दुसऱ्या दिवशी त्यानं निमूट ताडपत्री बांधली. तेव्हापासून गावात म्हणायचे, 'मारोतीची बायको लई तोंडाची हाय.' मारोतीला ही गोष्ट कधी दागिन्यासारखी वाटायची, तर कधी चपलेतल्या खड्यासारखी.

सरपंच झाल्यावर त्या तोंडाला वाव मिळाला. तालुक्याच्या बैठकीत एका साहेबानं तिला, "मावशी, तुम्ही बसा, तुमच्या ग्रामसेवकाला बोलू द्या," असं म्हटलं. धुरपता उभीच राहिली. "मावशी घरी आल्यावर म्हणा, चहा करीन. हितं मी सरपंच हाय. आमच्या दवाखान्यात नर्स कधी येनार, तेवढं सांगा." साहेबाला हसावं की रागवावं कळेना. नर्स मात्र पुढच्या महिन्यात आली.

आपल्या वस्तीलाही तिनं सोडलं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावायचा बेत पोरांनी आखला, तेव्हा विहाराच्या ओट्यावर उभी राहून ती म्हणाली, "बाबासाहेबांनी शिका म्हनलं. कान फोडा म्हनलं नव्हतं." पोरं चिडली. वर्षभर कित्येकजण तिला जय भीमसुद्धा घालत नव्हते. रस्त्यात तोंड फिरवायचे. धुरपता मात्र स्वतःहून हात जोडायची आणि ओलांडून गेलेल्या पाठीला मोठ्यानं 'जय भीम' म्हणायची.

एकदाच तिचं तोंड मारोतीच्या काळजाला लागलं. लेक धम्मप्रियाची सोयरीक जमली होती. मुलगा चाकूरला शिक्षक, घर चांगलं. सगळं ठरल्यावर मुलाच्या मामाचा निरोप आला: पोरगी पसंत आहे, पण आईचा स्वभाव ऐकून आम्ही बेजार झालो, उद्या पोरगीही तशीच निघाली तर? मारोती त्या दिवशी जेवला नाही. "तुझ्या बोलन्यापायी माझ्या लेकरानं काय काय भोगायचं?" तो म्हणाला. धुरपता चुलीकडं वळली. उत्तर धम्मप्रियानं दिलं. "बरं झालं बाबा, आधीच कळलं. बोललेलं चालत नाही त्या घरात मी काय मुकी होऊन जाऊ?" पुढं ती नांदेडला नर्स झाली, तिथंच तिच्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं. पण त्या रात्री चुलीजवळ पाठमोरी बसलेली धुरपता मारोतीच्या मनातून गेली नाही.

करंजवडी वाढली. बाजार वाढला, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. धुरपता आता अप्पांच्या पक्षाच्या तिकिटावर नगरसेविका होती, उपनगराध्यक्षही झाली होती. अप्पांना तिच्या तोंडाचा त्रास होता, पण तिच्या नावावर मतं पडत होती. मारोती निवृत्त झाला होता. सकाळी तिला सोडायचं, दुपारी आणायचं, मधल्या वेळात चहाच्या टपरीवर बसायचं, हा त्याचा नवा रूट होता.

मग बाजारतळाचा विषय निघाला.

आठवडी बाजार भरतो त्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं, असा ठराव येणार होता. सभेच्या आधी दोन दिवस धुरपता लेकीकडं नांदेडला गेली होती. ती नाही हे पाहूनच अप्पा मारोतीकडं आले. बाजेवर बसले, पाणी प्याले.

"मारोती, आपन किती वर्साचे सोबती?"

"लई वर्साचे, अप्पा."

"मंग माझं एक ऐक. बाईला म्हनाव, या ठरावाला फकस्त हात वर कर. काय बोलायची गरज न्हाई. पुढच्या टायमाला नगराध्यक्ष तीच. माझा शब्द हाय."

अप्पा गेल्यावर तासाभरात त्यांचा पुतण्या शिवप्रसाद आला. तो पक्षाचा गटनेता. त्यानं दारावर एक कागद चिकटवला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि गेला. तो पक्षादेश होता: ठरावाच्या बाजूनं मत द्या, न दिल्यास पद जाईल. मारोतीनं तो कागद अलगद सोडवून खिशात ठेवला.

संध्याकाळी बसमधून उतरलेल्या धुरपताला त्यानं तो तिथंच, स्टँडवर वाचायला दिला. तिनं वाचला, घडी घातली.

"अप्पा आल्ते," मारोती म्हणाला. "धुरपता, मी तुला कधी काय म्हनलो न्हाई. आज म्हनतो. या एका टायमाला गप बस. थकलो मी. कुठं बी गेलो तर कोनी तरी तुझी तक्रार घेऊन उभा. दोन वर्सं सुखानं काढू."

धुरपतानं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या दाढीचे पांढरे खुंट, डोळ्याखालची सूज. "खरंच थकले?" तिनं विचारलं.

"हाव."

घरी येऊन तिनं पिठलं टाकलं, दोघं जेवली. सभेच्या दिवशी सकाळी ती मोटारसायकलवर मागं बसली. तिच्या मनात काय आहे, हे मारोतीला अर्धं कळत होतं. उरलेलं अर्धं त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

सभागृहाच्या खिडकीबाहेर बाजारातल्या बायका जमल्या होत्या. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून पालेभाजी, गवार, अंडी घेऊन येणाऱ्या. मारोती त्यांच्या मागं उभा राहिला. आत ठराव वाचला गेला. धुरपता उठली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण खिडकीबाहेर स्वच्छ ऐकू येत होता.

"संकुल बांधायला माझी ना न्हाई. स्टँडच्या मागं आपलीच जागा पडीक हाय, तिथं बांधा. पन ह्या बायका कुठं बसनार, ते या ठरावात एका ओळीनं तरी लिवलंय का? गाळ्यात बसून कोनी आंबटचुक्याची जुडी विकनार हाय का? ह्यांना हुसकलं तर ह्या परत येनार न्हाईत. आनि आपल्या गावाला ताजी भाजी बी मिळनार न्हाई. माझं मत ठरावाच्या विरोधात हाय."

शिवप्रसाद ताडकन उठला. "बाई, पक्षाचा आदेश हाय तुम्हाला! तिकीट पक्षानं दिलं, इसरू नका!"

"तिकीट पक्षानंच दिलं, शिवप्रसाद. न्हाई कोन म्हनतंय? पन तोंड माझ्या आईनं दिलंय."

खिडकीबाहेर एकच हसू फुटलं. आतले काहीजणही मान खाली घालून हसले. अप्पा हसले नाहीत. हात वर झाले, मोजले गेले आणि ठराव एका मतानं पडला.

बायका ओरडत होत्या, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मारोती मोटारसायकलजवळ जाऊन थांबला. धुरपता आली. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मारोतीच म्हणाला, "बस." मग, किक मारता मारता, "आईचं बोललीस ते झ्याक होतं."

पद जाणार हे उघड होतं. शिवप्रसादनं तक्रार केली आणि प्रकरण लातूरला जिल्हाधिकाऱ्यांपुढं गेलं. धुरपताचे वकील आनंदराज, वस्तीतलेच, हुशार माणूस. त्यांनी कागद चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही तेव्हा नांदेडला होतात. पक्षादेश घराच्या दारावर लावला. तुमच्या हातात दिलेला नाही. तुम्ही एवढंच सांगायचं की, मला तो मिळालाच नाही. ते सिद्ध करू शकणार नाहीत."

"आनि कागद कुठं गेला म्हनले तर?"

धुरपतानं विचारलं, तसा वकिलांच्या आधी मारोतीच बोलला. "मी काढला म्हनून सांगतो. काढला, आन् बायकोला द्यायचा इसरलो. म्हातारा मानूस हाय, इसरतो. माझ्यावर घ्या सगळं, वकीलसाहेब."

धुरपता त्याच्याकडं पाहत राहिली. आयुष्यात कधी एसटीच्या तिकिटाचीही लबाडी न केलेला हा माणूस तिच्यासाठी साहेबापुढं शपथेवर खोटं बोलायला निघाला होता. आणि तोही, तिनं गप्प बसावं म्हणून पाय धरल्यासारखं बोललेला. तिचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले आणि म्हणाली, "उद्या बघू."

सुनावणीच्या दिवशी मारोती स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून गेला. वाटेत त्यानं आपली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा घोळवली होती. पण त्याची पाळीच आली नाही. साहेबांनी आधी धुरपतालाच विचारलं, "तुम्हाला पक्षादेश मिळाला होता का?"

आनंदराज वकिलांनी हळूच 'नाही' म्हणून मान हलवली.

"मिळाला," धुरपता म्हणाली. "माझ्या मालकानी मला स्टँडवरच दिला. मी वाचला. समजला बी. आनि समजूनच विरोधात मत दिलं."

"याचा परिणाम काय होईल, माहीत आहे?"

"हाव साहेब. पद जाईल. पन मत मी चुकून दिलं, असं माझ्या नावानं कुठं लिवून ठेवू नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर आनंदराज वकील कपाळाला हात लावून बसले. "ताई, 'नाही' एवढा एक शब्द हो. एकच शब्द." धुरपता त्यांना म्हणाली, "तुम्ही झकास लढले असते, भाऊ. मला ठाऊक हाय." मग ती मारोतीकडं वळली. "आनि तुम्ही. म्हातारपनी खोटं बोलायला शिकून राहिलात?"

"तुझ्यासाठीच की."

"म्हनून तर बोलू दिलं न्हाई."

निकाल लागायचा तोच लागला. पद गेलं, पुढची काही वर्षं निवडणूकही बंद झाली. कार्यालयातल्या पाटीवरून तिचं नाव खरवडलं गेलं. तिच्या वॉर्डात नवी बाई निवडून आली, कमी बोलणारी. मात्र बाजारतळाचा ठराव अप्पांनी पुन्हा आणला नाही. गावाची हवा त्यांनी ओळखली होती. संकुलाची कुदळ स्टँडच्या मागं पडली. नारळ अप्पांनी फोडला, भाषण शिवप्रसादनं केलं, धुरपताचं नाव कुणी काढलं नाही. मारोतीनं त्या दिवशी टपरीवर चहाचा ग्लास जरा जोरातच आपटला. धुरपता घरी तुरीच्या शेंगा सोलत होती. "बांधकाम चांगलं करा म्हनाव," एवढंच ती बोलली.

पुढच्या बाजाराला दोघं भाजी आणायला गेली. पिशवी मारोतीच्या हातात. जुन्या ओळखीच्या बायका हाका मारत होत्या, हालहवाल विचारत होत्या. बाजाराच्या टोकाला एक तरुण बाई पोतं अंथरून नव्यानंच बसली होती. जळकोटकडच्या कुठल्याशा तांड्यावरची असावी. समोर काटेरी, जांभळी वांगी. धुरपता वाकली आणि सवयीनं एकेक वांगं दाबून पाहू लागली.

"ओ बाई," पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "दाबू दाबू माल खराब करू नका. घ्यायची तर घ्या, न्हाईतर ठेवा."

मारोती एकदम पुढं झाला. "ए पोरी, तुला ठाऊक हाय का ह्या कोन..."

धुरपतानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हातातलं वांगं तिनं मुकाट्यानं ढिगात ठेवलं. "तू निवडून दे, बाई," ती म्हणाली. "तुझा माल तुलाच कळनार."

पोरीनं भराभर चांगली वांगी निवडली, तराजूत टाकली, काटा दाखवला. मारोतीनं पिशवी उघडून धरली. दोघं चार पावलं पुढं गेली. मागं त्या पोरीनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला झापायला सुरुवात केली होती.

"ऐकलं का?" धुरपता म्हणाली. तिचं तोंड हसून हसून रुंद झालं होतं. "लई चांगली बोलती."

मग ती कोथिंबीर शोधायला गर्दीत शिरली. ती गेली तिकडं कुणी वळून पाहिलं नाही. मारोती वांग्यांची पिशवी सांभाळत तिच्या मागं निघाला.