डाव्या अंगाच्या पट्ट्या

ओर्लीन बास्कमनं लूथरच्या बारमधल्या पियानोच्या डाव्या अंगाच्या सगळ्या पट्ट्या उपसून काढल्या आणि शेजारच्या गॅरेटच्या पायपुसण्यावर सरपणासारख्या रचून ठेवल्या. असं काही घडलेलं नाही. त्या वेळी बारमध्ये जे कोणी तळलेले मासे खात बसले होते ते शपथेवर सांगतील की त्यांचं सगळं लक्ष काट्यांकडे होतं. तेव्हा हे विसरा आणि मुळापासून ऐका.

सेंट लुईसच्या दक्षिणेला, मालगाडीच्या रुळांकडे पाठ करून लूथरचा बार उभा आहे. तिथं दर रविवारी दुपारी ओर्लीन बुगी-वुगी वाजवते, म्हणजे डाव्या हातानं आगगाडीसारखा न थांबणारा ठोका आणि उजव्यानं वरची नक्षी. तिच्या आधी तिचा मामा वाजवायचा. तिला शिकवताना मामानं तिचा उजवा हात वर्षभर कमरेला बांधून ठेवला होता. "उजवा काय, नुसत्या गप्पा मारतो," तो म्हणायचा. "घर चालवतो तो डावा." मागून मालगाडी धडधडत निघाली की तो बोट वर करायचा. "गप बस. मास्तर आले."

त्या डाव्या हातानं ओर्लीनला पार जर्मनीपर्यंत नेलं. तिथं मोठमोठ्या सभागृहांत लोक उभं राहून टाळ्या वाजवत, मनापासून आणि चुकीच्या ठोक्यावर. ती दर वेळी इथं परत आली. इथल्या म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत, ठोका गेलेला नाही.

मग पलीकडच्या बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्यात फ्लॅट झाले. जाहिरातीत 'अस्सल संगीताचा शेजार' असं लिहिलं होतं. गॅरेट त्या शेजारासाठीच राहायला आला, आणि सामान लावून झाल्यावर त्यानं त्या शेजाराची तक्रार केली. मग दुसरी केली. नगरपालिकेनं विचारपूर्वक निर्णय दिला: जड आवाज भिंतीतून जातो, बारीक जात नाही, सबब पियानो चालू राहावा, डावा हात वगळून. तिसऱ्या तक्रारीला बारचा परवाना रद्द.

"उजवा चालेल म्हणतात," लूथर म्हणाला.

"मग तूही उद्यापासून एका पायावर बार चालव."

"अगं, माझ्यावर कशाला डाफरतेस?"

"तू समोर आहेस म्हणून."

संध्याकाळी गॅरेट केक घेऊन आला. चांगला माणूस. चांगली माणसं केक आणतात.

"मिस बास्कम, तुमचं संगीत मला फार आवडतं हो," तो म्हणाला. "फक्त ती खालची धडधड सोडून. वरची किणकिण किती गोड आहे."

"केक छान दिसतोय," ओर्लीन म्हणाली. "पुढच्या वेळी मैदा वगळून आणाल?"

गॅरेट खळखळून हसला. तिला विनोद करायचा नव्हता. त्या हसण्यानं तिच्या कानशिलांत जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

रविवारी ती डाव्या हातावर बसली आणि एकट्या उजव्यानं वाजवू लागली. मांडीखाली डावा चालतच होता. स्टूल करकरू लागलं, आणि त्या करकरीवर म्हातारे पाय आपटू लागले. हात कधी बाहेर आला ते तिलाही कळलं नाही.

"ओर्लीन," लूथर कुजबुजला, "हात."

तिनं थांबून हाताकडे पाहिलं. शिकवायला वर्ष लागलेला हात एका कागदानं कसा विसरणार? मग ती उठली, पियानोचं तोंड उघडलं, हातोड्यांची चौकट बाजूला केली, आणि पुढचं घडलेलं नाही.

पुढच्या रविवारी डावीकडे नुसतं बोळकं असलेल्या पियानोवर तिनं उजव्या हातानं वाजवलं. तिसरी तक्रार आलीच: धडधड चालूच आहे. तपासनीस आला. त्यानं वाकून बोळक्यात पाहिलं. तेवढ्यात मागून मालगाडी गेली, ग्लास थरथरले, सगळ्या बारनं ठोक्यावर पाय आपटले. ओर्लीननं दोन्ही हात वर धरले होते. तपासनिसानं मान डोलावली, आवाजाचा उगम 'सदर बार' असा लिहिला आणि परवाना खिशात घातला.

दाराला कुलूप लागल्यावर ओर्लीननं नगरपालिकेला लिहिलं:

"विनंती की, ज्या नियमाने माझा डावा हात वगळण्यात आला त्याच नियमाने सदर मालगाडीची डावीकडील सर्व चाके काढून तिला केवळ उजव्या चाकांवर चालवण्याचा हुकूम व्हावा, आणि काढलेली चाके श्री. गॅरेट यांच्या दारात ठेवण्यात यावीत. तेथे जागा आहे. पट्ट्यांची अडचण होणार नाही, कारण त्या तेथे कधीच ठेवल्या नव्हत्या."